तुतारीवाल्याचं नाव लिहा

रहाटणीत नखाते वस्तीच्या बाजूला येऊन ‘तुतारीवाला कुठं राहतो’ असं विचारलंत, तर लहान पोरंसुद्धा माझ्या दारापर्यंत आणून सोडतील. माझं नाव घेऊन विचारलंत, तर चार ठिकाणी चौकशी करावी लागेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. माणूस कामावरून ओळखला जावा, हे चांगलंच आहे. पण २०२४ पासून ‘तुतारीवाला’ हा शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आला आणि तुतारी फुंकणारा माणूस मात्र होता तिथंच राहिला. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी आठवडाभर चाकणच्या एका कारखान्यात मशीन चालवतो. लग्नतिथी असली, शिवजयंती असली, गणपती आले, की तुतारी घेऊन बाहेर पडतो. आमचं मूळ गाव सांगोला तालुक्यात. आम्ही होलार. वाजंत्री हे आमच्या समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. सनई, सूर, डफ, जे ज्याच्या वाट्याला आलं ते त्यानं धरलं. तुतारी माझ्या वडलांकडं, आबांकडं होती. गावच्या देवाचा छबिना निघताना पहिला आवाज त्यांचा. तो झाल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नसत. पुढं दुष्काळात गाव सुटलं आणि आम्ही इकडं आलो. ट्रंकेत भांडी होती, वर तुतारी बांधलेली होती.

आता २०२४ चं सांगतो. ६ फेब्रुवारीला निवडणूक आयोगानं राष्ट्रवादी काँग्रेसचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. २२ फेब्रुवारीला शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं आणि दोन दिवसांनी रायगडावर ते लोकांसमोर आलं. त्या आठवड्यापासून आमच्या कामाला दोन्हीकडून धक्के बसायला लागले. एकीकडं प्रचारासाठी एकदम मागणी आली. फेटा बांधा, अंगरखा घाला आणि उघड्या जीपवर चित्रातल्यासारखे उभे राहा. दुसरीकडं नेहमीची लग्नं हातची जायला लागली. पिंपळे सौदागरच्या एका लॉन्सवर मी आणि माझा जोडीदार कपडे करून दारात उभे होतो. मुलीचे वडील लगबगीनं आले, हात जोडून म्हणाले, “दादा, आज तुतारी नको. आमचे साहेब येणार आहेत, उगाच वेगळा अर्थ निघायचा. तुमचे पैसे देतो.” पैसे त्यांनी खरंच दिले. त्या बापाला मी दोष देत नाही, त्याला लेकीचं लग्न निर्विघ्न पार पाडायचं होतं. पण नवरी आत जाताना तुतारी वाजली नाही. आम्ही दोघं भटारखान्याकडच्या दारानं बाहेर पडलो.

मी मत कुणाला देतो ते माझ्यापाशी. तुतारी मात्र मी सगळ्या पक्षांच्या मांडवात फुंकली आहे आणि पुढंही फुंकणार आहे. ते माझं काम आहे.

लोकसभेचा निकाल लागला तेव्हा साताऱ्याची चर्चा झाली. शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि ज्या अपक्षाच्या नावापुढं ‘ट्रम्पेट’चं चित्र होतं, त्याला ३७,०६२ मतं पडली. यादीत त्या ट्रम्पेटचं मराठी नाव ‘तुतारी’ असंच छापलेलं होतं. दिंडोरीत त्याच पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले, पण तिथंही ट्रम्पेट मिळालेल्या, भगरे याच आडनावाच्या अपक्षानं १,०३,६३२ मतं घेतली. मग वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर त्या ट्रम्पेटला पिपाणी म्हणत तुतारी की पिपाणी हा वाद कितीतरी दिवस चालला. विधानसभेआधी चिन्हातलं चित्र ठळक करायला आयोगानं मान्यता दिली. आमच्या चिंचवड मतदारसंघात नोव्हेंबरमध्ये कमळाविरुद्ध तुतारीवाला माणूस अशीच लढत झाली, त्यामुळं रहाटणीच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर, जिथं बघावं तिथं मीच होतो म्हणायला हरकत नाही. त्या सगळ्या वादात वकील बोलले, प्रवक्ते बोलले, माजी अधिकारी बोलले. तुतारी ज्याच्या ओठाला लागते, असा एकही माणूस मला पडद्यावर दिसला नाही.

विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं. जत्रेत मुलाला घेऊन देतात ती पिपाणी. तिच्यात पत्ती असते. वारा गेला की पत्ती थरथरते आणि आवाज निघतो. फुंकता येणाऱ्या कुणालाही ती वाजवता येते. मतदान यंत्रावर होतं ते ट्रम्पेट, बँडवाल्यांचं. त्याला तीन कळा असतात. कळ दाबली की आतली वाट लांबते आणि सूर बदलतो. तुतारीला पत्ती नाही, कळ नाही, भोकही नाही. पितळेची किंवा तांब्याची नुसती वळवलेली नळी, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला पसरलेली. तिच्यात थरथरतात ते माणसाचे ओठ. म्हणून सूर माणसाच्या तोंडात तयार होतो आणि नळी तो मोठा करते. नळीच्या लांबीप्रमाणं तिच्यात मोजकेच सूर बसलेले असतात. खालचा षड्ज, त्यावर पंचम, मग वरचा षड्ज, आणि ओठ कसलेले असतील तर त्याच्याही वरचा गंधार. मधले सूर त्या नळीत नाहीतच. खालून वर जायचं तर ओठ आवळायचे आणि पोटातून दम वर ढकलायचा. गाल फुगवून फुंकणारा नवशिका असतो. त्याला चार फुंकींत घेरी येते.

ओठांना मागून आधार लागतो समोरच्या दातांचा. आबांचे समोरचे दात पडले आणि त्यांची तुतारी थांबली. गवयाचा आवाज बसतो तेव्हा लोक हळहळतात. आबांचे दात पडले तेव्हा गावातल्या कुणाला त्यात काही गेलं असं वाटलं नाही. पुढच्या छबिन्याला दुसऱ्या गावचा माणूस आणला.

आजचे इव्हेंटवाले आमच्याकडून एकच सूर मागतात. नवरा-नवरीची एंट्री, धूर सुटला, दिवे गेले, तुतारीचा एक लांब आवाज, फोटो, झालं. आबांच्या वेळी असं नव्हतं. पालखी निघताना वेगळी फुंक, वेशीवर आल्यावर वेगळी, देव परत गाभाऱ्यात जाताना आणखी वेगळी. चारच सुरांत किती बोलायचं, ते त्यांना ठाऊक होतं. घरातल्या बायका अंगणात न येता आवाजावरून ओळखायच्या की पालखी कुठवर आली आहे. त्यातलं निम्मंच माझ्याकडं उतरलं आहे. माझ्या मुलाकडं काहीच नाही. तो आयटीआय करून नोकरीला लागला. त्याला मी दोष देत नाही. मीच त्याला सांगितलं, पहिली पगाराची चिठ्ठी, मग तुतारी.

शाळेत असताना मराठीच्या पुस्तकात केशवसुतांची ‘तुतारी’ होती. कविता १८९३ ची. मालगुंडचा एक शिक्षक, पुरती चाळीशीही गाठली नाही आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेला, पण त्या एका कवितेनं तुतारी हे नव्या विचारांचं वाद्य होऊन बसलं. आमचे गुरुजी शिकवायला लागले आणि मधेच थांबून वर्गाला म्हणाले, “तुतारी पाहिली आहे का कुणी हातात घेऊन?” सगळ्या वर्गानं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आबांना बोलावून घेतलं. आबा दाराशी चपला काढून तिथंच उभे राहिले. गुरुजी म्हणाले, “आबा, आत या. खुर्चीवर बसा.” त्या काळी त्या गावात आमच्या माणसाला शाळेच्या खुर्चीवर बसवणं म्हणजे काय, ते ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच कळेल. आबांनी बसल्या बसल्या तीन फुंका घातल्या. मग गुरुजींनी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला तुतारी दिली. त्यातून नुसता वारा निघाला. गुरुजी म्हणाले, कवीनं तुतारी मागितली खरी, पण ती मिळाल्यावर फुंकण्याचं बळ ज्याचं त्यालाच आणावं लागतं, हे आज तुम्हाला दिसलं. जाताना त्यांनी शाळेच्या कागदावर चार ओळी लिहून आबांना दिल्या. अमुक गावचे अमुक यांनी आज आमच्या शाळेत तुतारीवादनाचे प्रात्यक्षिक दाखवले. सही, शिक्का, तारीख.

आबांना आयुष्यात तुतारीबद्दल मिळालेला तो एकच कागद.

पुढं आबा थकले तेव्हा मी वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज केला. आज ती योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं आहे. ५० वर्षांपुढच्या कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मिळतात. चांगली योजना आहे, असंच मी म्हणेन. पण कलावंत आहे हे सिद्ध करायला पुरावे लागतात. कार्यक्रमाच्या पत्रिका, प्रमाणपत्रं, नाव छापलेली कात्रणं. गाणारा, कीर्तनकार, तमाशातला कलाकार, यांचं नाव कुठं ना कुठं छापलेलं सापडतं. तुतारीवाल्याचं कुठं सापडणार? लग्नपत्रिकेवर आत्या-मामांची नावं असतात, खाली चिमुकल्यांचा आग्रह असतो, मंडळाच्या फलकावर मांडववाल्याचा आणि लाइटवाल्याचाही नंबर असतो. आमचं नाव नसतं. फोटो होते, पण त्यात आबा कडेला, तोंडावर तुतारी आडवी आणि खाली नाव पाहुण्याचं. गुरुजींचा कागद मी जोडला. एका टेबलावरून उत्तर आलं, एवढ्यावर भागणार नाही. अर्ज परत आला आणि दुसरा पुरावा गोळा करेपर्यंत आबा राहिले नाहीत.

म्हणून माझं मागणं नावाचं आहे. मान-सन्मान, शाल-श्रीफळ मला नको. नाव, गाव, वाद्य, तारीख, एवढं कागदावर आलं की पुढचं पुष्कळ आपोआप होतं.

शिकवणूक आणि पद मिळालं की वाजवणाऱ्याचं काय होतं, ते आपल्या शेजारीच दिसतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत पोरांना संगीताचं लेखन-वाचन शिकवत. त्या शाळांतून निघालेले लोक मुंबईला आले, हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात लागले. हळदोण्याचा अंतोनियो वाझ त्यातलाच, लोक त्याला चिक चॉकलेट म्हणायचे. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि हा ट्रम्पेटवाला, दोघं मिळून १९५१ च्या ‘अलबेला’त काय करून गेले, ते आजही ऐकावं. त्या गोवेकर वादकांचीही नावं सिनेमाच्या पाटीवर क्वचितच आली, हे खरं. तरी त्यांच्या हातात शिकलेली विद्या होती आणि ती दाखवून पोट भरता येत होतं. आमच्या तुतारीला शाळा मिळाली नाही. बापाकडून मुलाकडं जेवढं उतरलं तेवढंच.

फौजेत बिगुलवाला हे पद आहे. माझा मामेभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता. बेळगावला त्यांचं केंद्र आहे, १७६८ पासूनची परंपरा सांगतात आणि टोपीवरच्या बिल्ल्यात बिगुल आहे. तिथं बिगुल वाजवणाऱ्याला शिकवतात, त्याची नोंद असते, त्याला पेन्शन असते. तो रजेवर आला की आम्ही दोघं बसून तुलना करायचो. त्याचा बिगुलही कळा नसलेलाच, सूर तेच चार-पाच. फरक कागदाचा.

आणखी एक सांगतो, मोबाइलवर पाहिलं आणि मनात राहिलं. बेल्जियममध्ये ईपर नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथं मेलेल्या आणि ज्यांची प्रेतंही सापडली नाहीत अशा सैनिकांची नावं एका कमानीवर कोरली आहेत. त्यात हिंदुस्थानी शिपायांचीही आहेत. १९२९ पासून तिथं रोज रात्री ८ वाजता बिगुल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव ताब्यात घेतलं होतं तेवढा काळ सोडला तर खंड नाही. आणि वाजवतात कोण, तर गावच्या अग्निशमन दलाची माणसं. पोलंडमध्ये क्राकूव शहरात चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला चारही दिशांना ट्रम्पेट फुंकतात, तेही अग्निशमन दलाचेच लोक. गावानं ठरवलं की हा आवाज आपल्याला हवा आहे आणि त्यासाठी माणसं ठेवली. परक्या फौजेचा काळ सोडला तर, कोणत्या पक्षाचं राज्य आलं म्हणून तो आवाज थांबला नाही.

आमच्या रहाटणीतही अग्निशमन केंद्र आहे. मी त्या जवानांना तुतारी शिका म्हणत नाही. त्यांना आधीच पुष्कळ काम आहे. पण पिंपरी-चिंचवड महापालिका काही गरीब नाही. ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका झाली, तेव्हापासून या शहरानं उड्डाणपूल बांधले, नाट्यगृहं बांधली, २०१६ चं साहित्य संमेलन आणि २०२४ चं शंभरावं नाट्य संमेलन भरवलं. स्वतःची संगीत अकादमी आहे, स्वरसागर महोत्सव आहे. त्या अकादमीत तबला, पेटी, गायन शिकता येतं. तिथं आठवड्यातून एक संध्याकाळ तुतारीला आणि संबळ-हलगीला मिळाली, तर शिकवायला माणसं मी आणून देतो. काळेवाडी, थेरगाव, चिखली, भोसरी, मोशी, सगळीकडं आमची माणसं आहेत. दिवसा कुणी वॉचमन आहे, कुणी रिक्षा चालवतो, कुणी माझ्यासारखा कंपनीत.

महापालिकेनं शिवजयंतीला, शिवराज्याभिषेक दिनाला, १ मेला जे तुतारीवाले बोलवायचे ते इव्हेंट कंपनीमार्फत न बोलवता थेट बोलवावेत. बिदागी बँकेत जमा करावी आणि प्रत्येकाला नाव घातलेलं प्रमाणपत्र द्यावं. मधल्या माणसाच्या हातात आमच्या बिदागीतलं किती राहतं, ते आम्हाला कधीच कळत नाही. आमच्या हातावर पडतं ते दुसऱ्या दिवशीच्या दिवसपाळीतल्या ओव्हरटाइमपेक्षा कमी असतं. महापालिकेच्या पैशात तरी असं होऊ नये.

आणि यात पक्षानं पडू नये, कोणत्याच. तुतारी एका पक्षाच्या चिन्हात आहे म्हणून ती सरकारी कार्यक्रमात नको, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. हात, कमळ, सायकल, घड्याळ यातलं काहीही चिन्ह झालं म्हणून घरातून गेलं नाही. मग छबिन्यापुढची आणि नवरीपुढची तुतारी का जावी? आचारसंहितेच्या काळात काय चालतं आणि काय नाही, ते लग्नघराला माहीत नसतं. मग भीतीपोटी सरळ काम रद्द करतात. निवडणूक अधिकाऱ्यांनी निवडणुकीआधी एक साधं पत्रक काढावं, की घरगुती लग्नात, जत्रेत, देवाच्या पालखीपुढं तुतारी वाजवणं हा प्रचार नाही. एवढ्या एका कागदानं त्या काळातलं आमचं कितीतरी काम वाचेल.

लग्नघरच्या लोकांनाही माझं सांगणं आहे. रात्री १० नंतर वाद्य बंद, हा कायदा आम्ही पाळतो, कधी कुणी आग्रह केला तरी पाळतो. तुम्ही आमच्यासाठी फार काही करू नका. वरात उशिरा येणार असेल तर दीड-दोन तास आम्हाला फेटा-अंगरख्यात दारात उभं करू नका. बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्या. तोंड कोरडं पडलं की ओठ थरथरत नाहीत, सूर फाटतो आणि मग तुम्हीच म्हणता की माणूस बरा नव्हता. वाजवून झाल्यावर जेवणाच्या पंगतीला बसवा, पत्रावळ हातात देऊन मागं पाठवू नका. आणि पत्रिका छापताना खाली एक ओळ वाढवा. तुतारी आणि सनई कुणाची, ते लिहा. पत्रिकेवर एका ओळीची जागा निघते, मी छापखान्यात विचारून आलो आहे.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. एक शंभर पानी वही घातली आहे. शहरातले तुतारीवाले, शिंगवाले, कर्णेवाले, यांची नावं, गाव, कुणाकडून शिकले, किती वर्षं वाजवतात, दात शाबूत आहेत का, बँकेत खातं आहे का, हे सगळं लिहून घेतो आहे. चाकणची पाळी सुटली की संध्याकाळी एकेकाच्या घरी जातो. बरेच जण आधी विचारतात, कोणत्या पक्षाचं काम आहे? मी सांगतो, कोणत्याच नाही. मग आतून तुतारी काढून आणतात आणि कधीची आहे ते सांगायला लागतात. वही भरली की तिची एक प्रत महापालिकेच्या सांस्कृतिक विभागाला देणार आहे आणि पोचपावती घेणार आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल, म्हातारा असला, दात पडलेला असला तरी, त्याला माझ्याकडं पाठवा. पहिल्या पानावर मी आबांचं नाव लिहिलं आहे, कारण गुरुजींच्या कागदावरची तारीख अजून वाचता येते. त्याच्या खाली पुष्कळ जागा आहे.